व्यायामाआधी काही खावे की अनशापोटीच जावे?

प्रश्न : आम्ही ठाण्याच्या वसंत विहार भागात राहतो. माझे वय ४७, यजमानांचे ५८. रोज सकाळी सहाच्या सुमारास आम्ही उपवन तलावाच्या काठाने पाऊण तास चालतो आणि रविवारी येऊरचा चढ चढून जातो. बरोबरच्या मैत्रिणी सांगतात की, आधी खाल्ले तर चरबी जळत नाही. सासूबाई म्हणतात, अनशापोटी घराबाहेर पडूच नये. मला वजन कमी करायचे आहे. शनिवारी माझा उपवास असतो, त्या दिवशी दुपारी एकदाच जेवते. गेल्या दोन्ही रविवारी चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली. यजमानांना मधुमेह आहे. ते सकाळची गोळी घेऊन लगेच फिरायला निघतात. मागच्या आठवड्यात त्यांना वाटेत दरदरून घाम सुटला आणि हातपाय थरथरू लागले. आम्ही नेमके काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी यजमानांविषयी लिहिते, कारण त्यांच्या बाबतीत दिरंगाई करून चालणार नाही. घाम सुटणे, थरथर, छातीत धडधड ही रक्तातील साखर एकदम उतरल्याची लक्षणे असू शकतात. ते कोणती गोळी घेतात हे आपण लिहिलेले नाही आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. पण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, ती न्याहारीच्या आधाराने घ्यायची असते, आणि ती घेऊन उपाशीपोटी चालायला निघाले की गोळी व चालणे दोन्ही मिळून साखर खाली ओढतात. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तेव्हा गोळीचे पाकीट घेऊन याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि गोळी व चालणे यांच्या वेळा त्यांच्याकडून ठरवून घ्याव्यात. मनाने गोळी बंद करू नये. घडलेला प्रसंगही त्यांना जसाच्या तसा सांगावा. अठ्ठावन्नाव्या वर्षी, मधुमेह असताना, चालताना दरदरून घाम सुटणे हे हृदयाच्या तक्रारीचेही लक्षण असू शकते आणि मधुमेहात छातीत दुखल्याशिवायही अशी तक्रार उद्भवते, म्हणून ईसीजीबद्दल त्यांना आवर्जून विचारावे.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत त्यांनी येऊरचा चढ टाळावा आणि सपाटीवर चालतानाही एकटे जाऊ नये. गोळी वर सांगितलेल्या प्रकारची असेल, तर निघण्यापूर्वी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर पाहण्याची सवय लावावी. आकडा ९० च्या खाली असेल, तर एक मध्यम केळे किंवा तीन-चार खजूर खाऊन मगच निघावे. तो ७० च्या खाली असेल, तर चालायला निघूच नये. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. खिशात साखरेची पुडी कायम असू द्यावी. अशा वेळी बिस्किटापेक्षा साखर बरी, कारण बिस्किटातील मैदा व तूप-तेल पोटात रेंगाळतात आणि तेवढा वेळ हाताशी नसतो. याउलट आकडा २५० च्या वर असून अंगात बरे वाटत नसेल, तर त्या दिवशी व्यायाम न करता डॉक्टरांना कळवावे.

आता आपल्याविषयी. रोजच्या चालण्यात त्रास होत नाही, तो फक्त रविवारी होतो, आणि त्याचे कारण बहुधा आपल्याच पत्रात आहे. शनिवारी दुपारी जेवल्यानंतर रविवारी सकाळी चढ लागेपर्यंत १७-१८ तास पोटात काही गेलेले नसते. शरीराचा साखरेचा साठा दोन ठिकाणी असतो. यकृतातील साठा, साधारण १०० ग्रॅमचा, रात्रभर मेंदूला आणि बाकीच्या अवयवांना साखर पुरवतो आणि सकाळपर्यंत बराच कमी होतो. स्नायूंमधला साठा त्याच्या कितीतरी पट मोठा असून झोपेत तो जवळपास तसाच राहतो, परंतु स्नायू आपली साखर रक्तात परत सोडू शकत नाहीत. म्हणून रात्री आठला व्यवस्थित जेवलेल्या निरोगी माणसाने सकाळी सहाला सपाटीवर पाऊण तास चालणे सहसा सुरक्षित असते. सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे, पण रोजच्या चालण्याआधी खाल्लेच पाहिजे असे नाही. येऊरची चढण मात्र वेगळी. तेथे स्नायूंना चरबीपेक्षा साखर अधिक लागते, घामाने पाणी जाते, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तो घाम लवकर सुकत नसल्याने अंग थंड व्हायलाही वेळ लागतो. पाणी कमी पडून रक्तदाब उतरल्यानेही अंधारी येते, विशेषतः चढ संपवून एकदम थांबल्यावर.

माझे सांगणे असे, की शनिवारचा उपवास चालू ठेवावयाचा असेल, तर तो रात्री जेवून सोडावा, किंवा येऊरचा दिवस बदलावा. उपवास मोडायचाच नसेल, तर निदान रात्री दूध व फळे घ्यावीत. रविवारी निघण्यापूर्वी अर्धा तास एक केळे किंवा राजगिऱ्याचा लहान लाडू खावा, पेलाभर पाणी प्यावे आणि बाटली बरोबर घ्यावी. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात तूप आणि दाण्याचे कूट असल्याने, त्या वेळेला जड पडेल. ती खाली उतरल्यावर खावी. इतके करूनही अंधारी आलीच, तर हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्यावा. या वयात पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होत असेल, तर हिमोग्लोबिन उतरलेले असण्याची शक्यता बरीच असते, आणि आपल्याकडच्या स्त्रिया ही तपासणी वर्षानुवर्षे पुढे ढकलत राहतात.

मैत्रिणींचे म्हणणे अर्धे खरे आहे. उपाशीपोटी इन्सुलिन कमी असते, त्यामुळे त्या पाऊण तासात चरबी जास्त प्रमाणात वापरली जाते. पण वजन दिवसभराच्या हिशेबावर ठरते, आणि सकाळी जास्त चरबी वापरणारे शरीर पुढे दिवसभरात ती कमी वापरून बरोबरी साधते. अमेरिकेतील संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २० तरुणींना दोन गटांत विभागले. व्यायाम एकच, आहाराचे बंधन सारखेच, फक्त एक गट उपाशीपोटी व्यायाम करी आणि दुसरा खाऊन. चार आठवड्यांनंतर दोन्ही गटांचे वजन व चरबी उतरली, आणि त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, तरी चरबी घटवण्यासाठी उपाशी राहून चढ चढण्याचे कारण त्यातून सापडत नाही. अंधारी येऊन पडण्याचा धोका मात्र खरा आहे.

प्रश्न : ऐरोलीत नोकरी करतो, वय ३१. दुपारी एकला डबा खातो आणि संध्याकाळी साडेसातला जिमला जातो. वाटेत भूक लागते म्हणून स्टेशनबाहेर वडापाव खातो. मग स्क्वॉट मारताना छातीत जळजळते. उपाशी गेलो तर वजन उचलवत नाही.
– एक वाचक, घणसोली

उत्तर : साडेसहा तासांच्या अंतरानंतर भूक लागणारच, ती मारून जिमला जाऊ नका. अडचण वड्याच्या वेळेची आहे. तळलेला पदार्थ जठरात बराच काळ राहतो, आणि स्क्वॉटमध्ये पोटावर दाब येताच भरलेल्या जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर चढते. ऑफिसातच पाचच्या सुमारास घरून नेलेली पोळीभाजी, उपमा किंवा मूठभर चणे-कुरमुरे खाल्ले, तर साडेसातपर्यंत पोट हलके झालेले असेल. मीटिंग लांबून पाचची वेळ चुकलीच, तर जिमच्या अर्धा-पाऊण तास आधी एक-दोन वेलची केळी पुरतात. जळजळ थांबेपर्यंत त्या वेळचा कडक चहाही टाळा. व्यायाम आटोपताच प्रोटीन पावडर घेतलीच पाहिजे, असेही नाही. साडेनऊच्या जेवणात वरण, उसळ, दही, अंडी किंवा मासे पुरेसे असले की स्नायूंना लागणारी प्रथिने मिळतात. खाण्याची वेळ बदलूनही दोन-तीन आठवड्यांत जळजळ गेली नाही, किंवा ती जिना चढतानाही जाणवू लागली, तर नुसत्या अँटासिडवर न विसंबता डॉक्टरांना दाखवा.