मेण जातं कुठे आणि हवा किती किलोची? – वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

यावेळी आलेले प्रश्न वाचताना जाणवलं की बरेचसे प्रश्न फिरून फिरून हवेपाशीच येतायत. हवा दिसत नाही म्हणून आपण तिला नसल्यातच जमा करतो आणि मग पुढचं सगळं गणित चुकतं. म्हणून या अंकात पदार्थ, ऊर्जा आणि वायू यांच्याबद्दलचे प्रश्न एकत्रच घेतलेत.

प्रश्न : मेणबत्ती पूर्ण जळली की जेमतेम थोडं मेण उरतं, राखसुद्धा राहत नाही. पुस्तकात लिहिलंय की पदार्थ नष्ट होत नाही. मग मेण गेलं कुठे? त्याचा प्रकाश झाला का?

नाही, मेणाचा प्रकाश होत नाही. हा गैरसमज खूप जणांचा असतो आणि तो नीट काढायलाच हवा. मेण म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. जळताना कार्बनला हवेतला ऑक्सिजन मिळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनला ऑक्सिजन मिळून पाणी होतं, तेही गरम वाफेच्या रूपात. दोन्ही वायू डोळ्यांना न दिसणारे, त्यामुळे आपल्याला वाटतं मेण संपलं.

आकडे बघा. साधारण १४ ग्रॅम मेण जळायला ४८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि त्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १८ ग्रॅम पाणी तयार होतं. आधीची बेरीज ६२, नंतरचीही ६२. म्हणजे जे हवेत गेलं त्याचं वजन मूळ मेणाच्या चौपटीपेक्षा जास्त भरतं! मेण "गेलं" तर नाहीच, उलट हवेतला ऑक्सिजन सोबत घेऊन बाहेर पडलं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिएने अठराव्या शतकात हेच केलं, बंद भांड्यात पदार्थ तापवून आधी आणि नंतर काटेकोर तोलून दाखवलं, आणि त्याच्यानंतर रसायनशास्त्रात तराजूशिवाय बोलायची सोय राहिली नाही.

मग प्रकाश आणि उष्णता कुठून येते? अणूंची जुनी जोडणी सुटते, नवी जास्त घट्ट जोडणी होते, त्या फरकातली ऊर्जा बाहेर पडते. आता कोणी आइन्स्टाइनचं सूत्र काढून म्हणेल की ऊर्जा गेली म्हणजे थोडं वस्तुमान पण गेलंच की. बरोबर आहे, पण १४ ग्रॅम मेणामागे ते ग्रॅमचे जेमतेम सात अब्जांश भरतं, साध्या तराजूवर ते कधीच दिसणार नाही.

एक प्रयोग मात्र जरूर करा, लहान मुलं असतील तर मोठ्यांनी जवळ थांबून. मेणबत्ती चांगली पेटू द्या, मग फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ वर येईल. पेटती काडी वातीला न लावता त्या धुराला लावा, वातीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. ज्योत धुरातून सरसर खाली उतरते आणि वात परत पेटते. तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ, थंड होऊन तिचे बारीक कण झालेले. यावरून लक्षात येतं की मेणबत्तीत जळतो तो भाग घन मेण नाही, पातळ मेण पण नाही, मेणाची वाफ जळते आणि वात फक्त पातळ मेण वर ओढून आणायचं काम करते.

प्रश्न : मी सातवीत आहे. प्रकाश, आवाज आणि उष्णता हे पदार्थ का नाहीत? उष्णता तर एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत जाते, मग ती पण काहीतरी असेलच ना?

अगं, तुझी शंका एवढी रास्त आहे की मोठमोठ्या शास्त्रज्ञांना हेच वाटत होतं! वरच्या उत्तरातला लव्हॉझिए, त्याने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी छापली तर त्यात ऑक्सिजन, हायड्रोजनबरोबर प्रकाश आणि उष्णता पण घातलेली. उष्णता म्हणजे एक न दिसणारा द्रव, तो गरम वस्तूत भरलेला असतो आणि थंड वस्तूत वाहत जातो, असं तेव्हा मानायचे.

मग रम्फर्ड नावाच्या माणसाने तोफांच्या कारखान्यात एक गोष्ट बघितली. तोफेच्या धातूला भोक पाडताना धातू प्रचंड तापतो. त्याने मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, सगळं पाण्यात बुडवलं आणि घोड्यांकडून ते फिरवत ठेवलं, तर साधारण अडीच तासांत पाणी उकळायला लागलं, विस्तव कुठेच नाही! १७९८ साली त्याने हे सगळ्यांसमोर मांडलं. त्याचा मुद्दा सरळ होता, की उष्णता हा धातूत साठवलेला पदार्थ असता तर कधीतरी संपला असता, पण इथे घोडे फिरतायत तोवर उष्णता येतच राहते. म्हणजे ती हालचालीतून येते. आज आपण म्हणतो की वस्तूतले कण सतत हलत असतात आणि वस्तू तापली की ते जास्त जोरात हलतात.

पदार्थ ओळखायची कसोटी तुला माहीत असेल, वस्तुमान आहे का आणि जागा व्यापतो का. आवाज म्हणजे हवेच्या कणांचं पुढेमागे हलणं, ते हलणं पुढे पुढे जातं आणि हवा आपल्याच जागी राहते. प्रकाश ही ऊर्जा आहे, त्याला तर हवासुद्धा लागत नाही, रिकाम्या अवकाशातून येतो. या तिघांपैकी बाटलीत भरून झाकण लावून ठेवता येईल असं काहीच नाही.

प्रश्न : हवेला वजन असतं म्हणतात. असेल तर किती? आणि मग ते आपल्याला जाणवत का नाही?

असतं, आणि अंदाजापेक्षा बरंच जास्त असतं. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो भरते. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशी खोली घ्या, ३६ घनमीटर झाले, म्हणजे तिच्यातली हवाच जवळपास ४३ किलोची. एकट्याने उचलायची म्हटली तर दमछाक होईल.

आता हे घरी कसं बघायचं? शाळांमध्ये काठीला दोन फुगे बांधून एक फोडून दाखवतात. मला तो प्रयोग पटत नाही, स्पष्टच सांगतो. पाच लिटरच्या फुग्यात सहा ग्रॅमच्या वर हवा असते खरी, पण फुगा तेवढीच हवा बाजूला सारत असतो आणि बाहेरची हवा त्याला तेवढंच वर उचलते, त्यामुळे काट्यावर दिसतं ते फक्त दाबून भरलेल्या जास्तीच्या हवेचं वजन, ते ग्रॅमचा एखादा अंशच असतं. पुष्कळदा काठी कलते ती भलत्याच कारणाने. त्यापेक्षा फुटबॉल घ्या. आकार धरून असलेला पण दाबला तर मऊ लागणारा, तो एक ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर ठेवून आकडा लिहून घ्या, मग पंपाने हवा भरून टणक करा आणि परत ठेवा. बॉलचा आकार जवळपास तोच राहतो पण काटा चार-पाच ग्रॅम जास्त दाखवतो. ही खरी हवा, समोर आकड्यात.

जाणवत का नाही तर हवा फक्त वरून दाबत नाही, सगळ्या बाजूंनी सारखीच दाबते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजनाएवढा दाब असतो, म्हणजे पसरलेल्या तळव्यावर शंभर किलोच्या वर. पण तळव्याच्या खालूनही तेवढाच दाब असतो, आणि शरीर बहुतांश पाण्याचं असल्यामुळे आतून तेवढ्याच दाबाने सावरून असतं. हा दाब पहिल्यांदा मोजला टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने, १६४०च्या दशकात, हवा पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर उंच स्तंभ तोलून धरते हे दाखवून. मग १६४८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालने आपल्या मेव्हण्याला पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्यूय द डोम नावाच्या डोंगरावर पाठवलं, माथ्यावर पारा साधारण आठ सेंटिमीटर खाली आलेला. वर गेल्यावर डोक्यावरची हवा कमी झाली, तेवढा पारा उतरला. इतका स्वच्छ पुरावा विज्ञानात फार कमी वेळा मिळतो.

प्रश्न : दमट हवा कोरड्या हवेपेक्षा जड असते ना? पाणी मिसळलेलं असतं म्हणून विचारतेय.

उलट आहे ताई, दमट हवा हलकी असते! पहिल्यांदा ऐकताना कोणालाच खरं वाटत नाही.

इटालियन शास्त्रज्ञ अव्होगाड्रोने १८११ साली मांडलेली कल्पना इथे कामाला येते, की तापमान आणि दाब सारखा असेल तर सारख्या जागेत कुठल्याही वायूचे रेणू सारख्याच संख्येने मावतात. म्हणजे हवेत पाण्याच्या वाफेचे रेणू आले तर ते जास्तीचे म्हणून गर्दीत घुसत नाहीत, तेवढे नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू त्या जागेतून कमी होतात. हायड्रोजनच्या एका अणूचं वजन १ धरलं तर नायट्रोजनच्या रेणूचं वजन २८, ऑक्सिजनचं ३२ आणि पाण्याचं फक्त १८. जड गेले, हलके आले. ३० अंश सेल्सिअसला वाफेने पूर्ण भरलेली हवा कोरड्या हवेपेक्षा साधारण दीड टक्का हलकी असते. दमट दिवशी हवा जड "वाटते" कारण घाम सुकत नाही, वजनाशी त्याचा संबंध नाही. आणि एक, किटलीच्या तोंडाशी दिसतो तो पांढरा ढग म्हणजे वाफ नव्हे, ते पाण्याचे बारीक थेंब असतात. खरी वाफ असते ती तोंडाला लागून, जिथे काहीच दिसत नाही त्या छोट्याशा जागेत.

प्रश्न : हवेचे रेणू सेकंदाला ४००-५०० मीटर वेगाने पळतात असं वाचलं. मग अत्तराची बाटली उघडल्यावर खोलीच्या दुसऱ्या टोकाला वास पोचायला एवढा वेळ का लागतो?

वा! हाच आक्षेप १८५८ च्या सुमाराला बॉइज-बॅलट या डच शास्त्रज्ञाने घेतला होता आणि त्याला उत्तर देताना जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियसला वायूंबद्दलची एक फार मोठी गोष्ट सापडली.

स्पीड खरा आहे. पण रेणू सरळ पळतच नाही. सरासरी मिलिमीटरच्या १४ हजाराव्या भागाएवढं अंतर गेला की दुसऱ्या रेणूवर आपटतो आणि दिशा बदलते, असं सेकंदाला साधारण ७०० कोटी वेळा. जत्रेच्या गर्दीत चपळ माणूससुद्धा धक्के खात तिथल्या तिथे घुटमळतो तसं होतं त्याचं. नुसत्या या घुटमळण्यावर सोडलं तर तीन मीटर जायला अत्तराला कित्येक दिवस लागतील. आपल्याला मिनिटा-दोन मिनिटांत वास येतो तो खोलीतल्या हवेच्या हलक्या प्रवाहांमुळे, जे आपल्या चालण्याने, श्वासाने, भिंतीच्या तापमानातल्या फरकाने सतत चालूच असतात.

प्रश्न : सायकलला हवा भरताना पंप गरम होतो आणि डिओचा स्प्रे मारला की डबा थंड होतो. दोन्ही एकाच नियमाने होतं का?

बरेच जण एका वाक्यात उडवतात, की वायू दाबला की गरम, पसरला की थंड. पण दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून जरा सावकाश बघू.

पंपात तुम्ही दट्ट्या खाली ढकलता तेव्हा हवेवर काम करता. पुढे येणाऱ्या दट्ट्यावर आपटलेला रेणू जास्त वेगाने परत फिरतो, आणि रेणूंचा वेग वाढणं म्हणजेच तापमान वाढणं. घासण्यामुळे थोडी उष्णता होते पण मुख्य कारण हे. पंपाला हात लावून बघा, नळी जिथे जोडलेली असते ते टोक सगळ्यात जास्त तापलेलं असतं कारण हवा दाबली जाते ती तिथे. डिझेल इंजिन याच्यावरच चालतं, त्यात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग नसतो, हवा एवढी दाबतात की ती ५०० अंशांच्या पुढे तापते आणि आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं.

डिओच्या डब्यात मात्र बहुतेक वेळा ब्युटेन-प्रोपेनसारखा वायू दाबाखाली द्रव करून भरलेला असतो. बटण दाबलं की आतला दाब उतरतो, द्रव उकळायला लागतो, आणि उकळायला लागणारी उष्णता तो स्वतःतून, डब्यातून आणि तुमच्या हातातून घेतो. हे द्रवाचा वायू होण्यामुळे आलेलं थंडपण आहे. डबा हलवून बघा, आत द्रव डुचमळताना ऐकू येईल.

आणि "पसरला की थंड" हे नेहमी खरं नाही बरं का. इंग्रज शास्त्रज्ञ जूलने १८४५ साली दोन तांब्याची भांडी पाण्यात बुडवून जोडली, एकात दाबून भरलेली हवा आणि दुसरं निर्वात. मधली तोटी उघडल्यावर हवा दुसऱ्यात पसरली आणि पाण्याचं तापमान त्याला मोजता येईल एवढंही बदललं नाही. कारण रिकाम्या जागेत पसरताना हवेला कोणाला ढकलावंच लागलं नाही, काम नाही तर ऊर्जेचा खर्च नाही. वायू थंड होतो तो दट्ट्या किंवा बाहेरची हवा ढकलताना, स्वतःची ऊर्जा खर्च करून.

प्रश्न : बंद खोलीत पंखा चालू ठेवून गेलो तर परत येईपर्यंत खोली थंड होईल का? आणि फ्रिज उघडा ठेवला तर?

दोन्हीचं उत्तर नाही. पंख्याने हवा थंड होत नाही, उलट मोटरने खाल्लेली वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन राहते, त्यामुळे खोली किंचित तापते. गार वाटतं ते वारा अंगावर येत असेल तरच, कारण त्वचेलगतचा गरम दमट थर उडून जातो आणि घाम लवकर सुकतो. फ्रिजचं तर त्याहून वाईट, तो आतली उष्णता मागच्या जाळीतून त्याच खोलीत टाकतो आणि कॉम्प्रेसरची वीज त्यात भर घालते. दार उघडं ठेवलं की तो थांबणारच नाही आणि खोली तापतच जाईल. एसीचा अर्धा भाग भिंतीबाहेर लावतात तो याचसाठी.