हप्त्यावरची बारा टायर: ठेवायची की विकायची?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०२२ ची बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) बारा टायरची मालगाडी, ३५ टन जीव्हीडब्ल्यू (गाडी आणि माल मिळून मंजूर वजन), २५ टन माल, भिवंडी–बेंगळुरू लाइन. हप्ता ६२,०००, २३ हप्ते बाकी. पूर्वी महिन्याला ९,००० किलोमीटर व्हायचे, आता ६,५०० वर आलेत. जाताना टनाला २,४०० आणि येताना १,७०० मिळतात. डीलर १९ लाख देतोय. गाडी ठेवू की काढून टाकू?

हप्ता जड जातोय म्हणून विकू नका, आणि थोडेच हप्ते राहिलेत म्हणून ओढतही बसू नका. दर महिन्याला किती तूट येते आणि आज गाडी विकली तर लोन फेडून हातात किती उरतात, हे दोन आकडे समोरासमोर ठेवा.

आधी चालता खर्च. डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज ३.८ धरलं तर किलोमीटरला २३.७० रुपये. डीईएफ (धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी) डिझेलच्या पाच टक्के, म्हणजे साधारण ८० पैसे. टोल ६ रुपये. टायरचा हिशोब बहुतेक जण करतच नाहीत: १२ टायर २२,००० प्रमाणे २,६४,०००, एकदा रिमोल्ड (घासलेल्या टायरवर नवं रबर) ७,००० प्रमाणे ८४,०००, आणि दोन्ही मिळून दीड लाख किलोमीटर चालले तर किलोमीटरला २.३० रुपये. ड्रायव्हरचा पगार-भत्ता ४ रुपये, ऑइल-ग्रीस-गॅरेज २, वजनकाटा-वाराई (हमाली)-पार्किंग १.२०. बेरीज ४० रुपये. स्वतः स्टिअरिंगवर असाल तरी ते ४ रुपये धराच. आपली मजुरी शून्य धरली की तोट्यातली गाडीही नफ्यात दिसते.

आता मिळकत. जाताना ६०,०००, येताना ४२,५००. दलाली आणि बॅलन्समधली (मागाहून मिळणाऱ्या भाड्यातली) कपात मिळून २,००० गेले की १,००,५०० उरतात. माल भरायला-खाली करायला जी रिकामी धाव होते ती धरून फेरी २,०६० किलोमीटरची. म्हणजे किलोमीटरला ४८.८० रुपये. चालता खर्च वजा केला की ८.८० उरतात.

या ८.८० मधून उभा खर्च भागवायचा आहे, म्हणजे गाडी जागेवर असली तरी लागणारा. तुमच्या वजनाच्या गाडीचा थर्ड पार्टी विम्याचा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) प्रीमियमच जीएसटी सोडून ४३,९५० आहे. त्यावर ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा), नॅशनल परमिटचे १६,५००, टॅक्स, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी). वर्षाला दीड लाख धरा, महिन्याला १२,५००. हप्ता मिळवून ७४,५००. सहा हजार पाचशे किलोमीटरला तुमच्याकडे ५७,२०० येतात. तूट १७,३००. पण याच पडलेल्या भाड्यात ९,००० किलोमीटर झाले तर ७९,२०० येतात आणि सगळं भागून ४,७०० उरतात. बरोबरी सुमारे ८,५०० किलोमीटरला होते.

म्हणजे भाडं पडलंय हे खरं, पण तुम्हाला मारतंय ते गाडीचं उभं राहणं. महिन्याला तुमच्या तीन-सव्वातीन फेऱ्या होतात, साडेनऊ दिवसाला एक. लागतात चारच्या थोड्या वर, म्हणजे सव्वासात दिवसाला एक. प्रत्येक फेरीत दोन-सव्वादोन दिवस कुठेतरी सांडतायत. ते कुठे, हे वहीतच दिसेल. एक साधी रेघांची वही घ्या आणि फेरीमागे एक ओळ लिहा: भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर, गोदामाच्या दारात किती तास, परतीच्या मालाची वाट पाहण्यात किती तास, टाकी फुल ते टाकी फुल डिझेल, आणि पार्टीकडून येणं बाकी. सहा फेऱ्यांत चित्र स्पष्ट होतं.

तुमचा उभा खर्च दिवसाला सुमारे २,५०० आहे. २५ टनांवर तो टनाला बरोबर १०० रुपये होतो. त्यामुळे बेंगळुरूला १,७०० चा माल परवा मिळणार असेल आणि १,६०० चा आज भरून निघत असेल, तर १,६०० चा घ्या. दोन दिवस थांबायचं तर टनाला २०० च्या वर जास्त मिळायला हवेत. परतीचं बोलणं गाडी खाली झाल्यावर सुरू करू नका. हुबळी-तुमकूरच्या आसपास असतानाच दोन-तीन ट्रान्सपोर्टरना फोन झालेले हवेत. जे गोदाम दरवेळी दोन दिवस अडकवतं, तिथला माल भरायच्या आधीच हॉल्टिंग (गाडी थांबवल्याचे पैसे) बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहून घ्या. तोंडी हॉल्टिंग बॅलन्सच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

बॅलन्सचंही तसंच. ६०,००० पैकी ४८,००० ॲडव्हान्स मिळाला की उरलेले १२,००० पोच (माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती) मिळाल्यावर, आणि त्यातून शॉर्टेज (माल कमी भरला), पोच उशिरा असं कापत कापत १०,५०० हातात येतात, तेही दीड महिन्याने. पोचेवर शिक्का, सही, तारीख आणि 'माल पूर्ण मिळाला' हा शेरा ड्रायव्हरने तिथेच घ्यावा, लगेच फोटो पाठवावा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, ती आधीच करून ठेवा. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि पार्टीला त्याची जाणीव असते. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याने पॅनसह डिक्लरेशन दिलं तर टीडीएस कापत नाहीत, तेही द्या.

तूट भरायला ज्यादा माल भरू नका. ३ टन जास्त सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० अधिक टनाला २,०००, म्हणजे २६,००० दंड, आणि जास्तीचा माल तिथेच उतरवावा लागतो. वर टायर आणि कमानपाट्यांचं आयुष्य जातं ते वेगळंच.

आता विकण्याचं गणित. १० टक्के व्याज धरलं तर २३ हप्त्यांमागे मुद्दल सुमारे १२.९० लाख उरतं. फोरक्लोजर (मुदतीआधी लोन फेडण्याचं) शुल्क ४ टक्के आणि त्यावर जीएसटी धरून ६१,०००. म्हणजे १३.५० लाख फेडून हातात साडेपाच लाख. नेमका आकडा फायनान्सकडून फोरक्लोजर लेटर मागवून घ्या, तोंडी नको.

गाडी ठेवली आणि काहीच सुधारलं नाही, तर २३ महिन्यांत ४ लाख घालावे लागतील. त्यानंतर गाडी तुमची, बाजारात १३ लाखांच्या आसपासची, आणि याच ६,५०० किलोमीटरला महिन्याला ४४,७०० हातात. म्हणून माझं मत ठेवा असं आहे, पण एका अटीवर: ४ लाख तूट आणि क्लच, टर्बो, डीईएफ सिस्टीम यांसाठी दीड लाख, असे साडेपाच लाख नवं कर्ज न काढता उभे करता आले पाहिजेत. टॉप-अप लोन (चालू लोनवर वाढीव लोन) काढून हप्ते भरायचे असतील तर आजच विका. टॉप-अपने हप्ता वाढतो, ८,५०० ची बरोबरी आणखी वर सरकते आणि हातातले साडेपाच लाखही त्यात जातात.

हाच प्रश्न ४५ हप्ते बाकी असलेल्याचा असता, तर लोन गाडीच्या किमतीपेक्षा वर असतं. तिथे हप्ता थकायच्या आधी फायनान्सला लेखी देऊन मुदत वाढवून घेणं, हाच पहिला मार्ग. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (थकीत-अनुत्पादक) होतं. गाडी ओढून नेली की लिलावात येईल तो भाव, आणि राहिलेली रक्कम तुमच्याच डोक्यावर.

विकायची ठरलीच तर शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये नको. पावसात सिमेंट-बांधकामाचा माल मंदावतो, घेणाराही हात आखडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीचा माल आणि साखर हंगाम असतो, तेव्हा बोलणं जमतं. डीलर जुन्याचा भाव नव्यावरून मोजतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. त्यामुळे २०२४ मधले भाव मनात धरून बसू नका. एकाच डीलरचा शब्द न घेता तिघांकडून भाव काढा.

आणि स्टँप पेपरवर 'चालू हप्त्यावर' (लोन तुमच्या नावावर, हप्ते घेणारा भरणार) गाडी कुणालाही देऊ नका, भावकीतल्या माणसालाही नाही. आरसी तुमच्या नावावर आहे तोवर अपघाताची भरपाई तुमच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच सांगितलंय. लोन फेडून फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा काढायचा), मग फॉर्म २९-३० वर ट्रान्सफर, परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ (आरटीओची एनओसी). त्याआधी सगळे ई-चलन तपासा. ताबा देताना तारखेसोबत वेळही लिहून सही घ्या, त्याच दिवशी फास्टॅग बंद करा आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधल्या सवलतीचं) पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं, पुढे गाडी घेतलीत तर कामाला येईल.