सेटल नको, पूर्ण भर

बाळा,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे तुझ्या कर्जफेडीची नोंद, सावकाश वाचला. स्कोअर ६१२. "काका, माझं सिबिल संपलं" असं फोनवर म्हणालास, ते काही खरं नाही.

मोटारसायकलचे चार हप्ते थकले. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ अन् व्यापाऱ्यांनी घेतलं चार हजारांच्या आसपास, हे मला ठाऊक आहे. रिपोर्टला त्याचं काही नाही. तिथं दर महिन्याची चौकट असते. हप्ता वेळेवर गेला तर शून्य, नाहीतर किती दिवस उशीर तो आकडा. तुझे ३१, ६१, ९२ असे चढत गेलेत. झाले ते खोडता येत नाहीत, पुढच्या चौकटींत शून्य पाडत राहायचं. ३६ महिन्यांचा हिशेब दिसतो अन् जानेवारी २०२५ पासून नोंदी निदान पंधरवड्याला जातात, म्हणजे भरलेलंही लवकर दिसेल.

म्हणून पाच हजारांत "सिबिल क्लिअर करून देतो" म्हणणाऱ्या त्या यवतमाळच्या एजंटाला एक रुपया देऊ नको. खरी नोंद तो काढू शकत नाही, चुकीची तू फुकट काढू शकतोस. अन् तुझी एक चुकीची आहेच! तिसरं पान बघितलंस काऊन नाही? मोबाईलचं फिटलेलं कर्ज, पुढे ३४७ रुपये बाकी. नो ड्यूजचा, म्हणजे काही बाकी नसल्याचा, कागद जोडून सिबिलकडे ऑनलाइन तक्रार टाक. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्या, यांचेही रिपोर्ट मागव. वर्षातून एकदा प्रत्येकाला फुकट द्यावाच लागतो.

आता मोटारसायकलच्या फायनान्सवाल्याचं. ४१ हजारांचं २२ हजारांत मिटवतो म्हणतो. बाप्पा, सेटल करू नको. १९ हजार वाचल्याचा आनंद महिनाभर, अन् खात्यापुढे 'सेटल्ड' हा शब्द वर्षानुवर्षं. तुला मिनी दालमिल टाकायची आहे ना? पीएमएफएमई या केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेचं ३५ टक्के अनुदान कर्जाला जोडलेलं आहे. बँकेनं कर्जच नाकारलं तर अनुदान कशावर घेशील? अन् साधा हिशेब कर. २२ हजारांची सोय होते म्हणतोस, तर थकलेले चार हप्ते दंडासकट पंधरा हजारांच्या आत बसतात. ते भर, खातं नियमित कर, बाकीचे हप्ते तारखेला जाऊ दे. सेटल नको.

तुझा बाप म्हणेल, हा म्हातारा सोसायटीचा गटसचिव, याला वसुलीशिवाय काही सुचत नाही. म्हणू दे. २०१७ ला थकलेल्यांना दीड लाखापर्यंतची कर्जमाफी आली, २०१९ ला दोन लाखांपर्यंतची. माझ्या सांगण्यावरून मुदतीत भरणारे माझ्या अंगणात येऊन बोलून गेले, "सचिवसाहेब, तुमचं ऐकलं अन् बुडालो." नियमित भरणाऱ्यांचे प्रोत्साहनाचे ५० हजारांपर्यंतचे पैसे यायला २०२२ उजाडलं, तोवर पारावर बसायची सोय राहिली नव्हती मला. जिवाला लागलं. पण त्याच लोकांची ट्रॅक्टरची फाईल एका खेपेत पास होताना मी पाहिली आहे, त्यामुळं आजही तेच सांगेन: पूर्ण भर.

चार ठिकाणी अर्ज टाकत फिरू नको, प्रत्येक चौकशी नोंदली जाते. वर्षभरानं हातात थोडे पैसे आले की छोटी एफडी करून तिच्यावरचं क्रेडिट कार्ड घे, थोडंच वापर, बिल पूर्ण भर. पीककर्ज मुदतीत फेड.

आतेभावाच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केलीस, तेही तुझ्या रिपोर्टमध्ये आहे. तो किती भरतो ते विचार. लाजू नको.

तुरीचे पैसे आले की आधी हप्ते. पावती घे अन् खातं नियमित झाल्याचं पत्र शिक्क्यासह माग. शेवटचा हप्ता गेला की नो ड्यूज. कागदावर कुठंही 'सेटल' दिसलं तर तिथंच टेबलावर परत ठेव. रक्कम कमी पडली तर माझ्याकडे ये, आतेभावाकडे जाऊ नको.

तुझा,
काका