कॅम्पर व्हॅनचा हिशेब: भाडं धरलंत, दहावी-बारावी धरली नाहीत

नमस्कार. तुमचं पत्र आणि सोबतचं हाताने काढलेलं डिझाइन दोन्ही नीट पाहिलं. आईंसाठी खालचा बेड आणि दाराशी जादा पायरी आठवणीने ठेवलीत, हे आवडलं. पैशाची बाजू मात्र लंगडी आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: सोलापुरातलं पाच जणांचं कुटुंब. नवरा-बायकोची मिळून हातात येणारी कमाई 1 लाख 40 हजार, घरकर्जाचा हप्ता 31 हजार, एफडी 9 लाख. तीन वर्षं टूरवर चाललेली ट्रॅव्हलर (मिनीबस) 9 लाखांना घ्यायची, आतलं काम 8 लाखांत करून घेऊन तिची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी करायची. 7 लाख एफडी मोडून, 10 लाख कर्ज. वर्षात 30 दिवस स्वतः फिरायचं आणि उरलेले दिवस गाडी पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या भाविकांना भाड्याने देऊन हप्ता काढायचा.

आधी ते भाडंच बघू. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही. सापडलात तर दंड, आणि भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. पिवळी पाटी ठेवली तर परमिट, फिटनेस आणि चढा विमा हप्ता आला. शिवाय अक्कलकोटला येणारा भाविक भक्तनिवासात स्वस्तात राहतो, तो तुमच्या व्हॅनसाठी हजारो रुपये मोजेल असं मला वाटत नाही. भाड्याची कमाई शून्य धरा.

आता उरला तुमचा वापर. 10 लाखांवर 11 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे 21,700 रुपये, व्याज तीन लाखांवर. पाच वर्षांनी गाडी 6 लाखांना गेली असं धरू. हेही मी सढळ हाताने धरतोय, कारण आतल्या फर्निचरला जुन्या बाजारात कोणी विचारत नाही. म्हणजे 11 लाखांची घट, तीन लाख व्याज, मोडलेल्या एफडीचं बुडालेलं व्याज पावणेतीन लाख, आणि विमा, टायर, सर्व्हिसिंगचे वर्षाला 60 हजार. एकूण जवळजवळ 20 लाख, म्हणजे वर्षाला चार लाख. 30 दिवसांनी भागलं तर दिवसाला 13 हजारांच्या वर, डिझेल वेगळं. गेल्या मे महिन्यातल्या तुमच्या गुहागरच्या सहा दिवसांचा खर्च, दोन खोल्या आणि डिझेलसकट भाड्याची गाडी धरून, 51 हजार झाला होता. तो दिवसाला साडेआठ हजार पडतो.

पण 30 दिवस तरी कुठले? मुलगी यंदा दहावीत आहे, पुढे अकरावी-बारावीचे क्लास. या तीन वर्षांत वर्षाला 12 दिवस मिळाले तरी खूप. मग दिवस 33 हजारांना पडतो. बारावीनंतर ती हॉस्टेलवर गेली की गाडीत माणसं चारच. पाच बेडचं डिझाइन तुम्ही फार थोड्या काळासाठी करताय.

डिझाइनमधली सर्वात महाग ओळ एसी आणि लिथियम बॅटरीची आहे. 12 व्होल्ट, 200 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या बॅटरीत जेमतेम अडीच युनिट वीज मावते. एक टनाचा एसी तासाला युनिटभर खातो. सोलापूरच्या मे महिन्यात दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली तो मध्यरात्रीपर्यंतही टिकणार नाही. छपराला चांगलं इन्सुलेशन, दोन पंखे आणि मुक्कामाच्या जागी वायर जोडायची सोय एवढं ठेवा. पावणेतीन लाखांची ती ओळ कापा.

आरटीओचं काम गॅरेजवाला ‘बघून घेऊ’ म्हणतोय, त्यावर जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहण्याच्या गाड्यांसाठी, एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. त्यात बसणारी मंजुरी आहे का, ती कागदावर मागा. टूरची गाडी खाजगी करताना परमिट परत करणं आणि कराचा फरक भरणंही आलं. हे तुमच्या 17 लाखांत कुठेच धरलेलं नाही. बदल आरसीवर आणि पॉलिसीत चढले नाहीत तर क्लेमच्या वेळी कपाळाला हात लावाल.

माझं मत: आत्ता घेऊ नका. 7 लाख मोडल्यावर हाताशी दोनच लाख राहतील, आणि नव्या हप्त्यासह तुमचा महिन्याचा खर्च 97 हजारांवर जातो. दोन महिने पगार अडला तरी घर हलेल. त्यापेक्षा 21,700 ची आरडी आजच सुरू करा. मुलीची बारावी होईपर्यंत 30 हप्ते जरी गेले, तरी साडेसहा लाख मुद्दल जमेल. हप्ते अधूनमधून चुकायला लागले, तर कर्जाचे हप्ते कसे गेले असते तेही कळेल.

दरम्यान दिवाळीच्या सुट्टीत तयार कॅरव्हॅन तीन दिवस भाड्याने घ्या आणि आईंना बरोबर न्या. रात्री उठून त्या अरुंद टॉयलेटपर्यंत त्यांना जाता येतं का, टाकी रिकामी करायचं काम घरात कोण करणार, हे तिथेच ठरेल. महाराष्ट्राचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण 2021 पासून आहे, पण तुमच्या मार्गावर वीज-पाण्यासह गाडी लावायची जागा कुठे मिळते ते त्याच वेळी विचारून घ्या.

गॅरेजवाल्याला अजून ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर पावती घ्या आणि काम थांबवल्याचं त्याला लेखी कळवा.