'सार्वमत', 'कौल' आणि एका 'मत' शब्दाचा घोळ

प्रश्न असा आहे की सार्वमत आणि जनमत कौल एकच का, आणि एकच असेल तर निवडणुकीच्या निकालालाही पेपरवाले 'जनतेचा कौल' का म्हणतात?

घोळ 'मत' या शब्दातच आहे. मराठीत व्होट म्हणजेही मत आणि ओपिनियन म्हणजेही मत, त्यामुळे तुम्ही एखाद्याला मत दिलं म्हणजे त्याचं सगळं मत तुम्हाला पटलं असं धरलं जातं. गोव्याचंच बघा. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि मगोचा मुद्दाच महाराष्ट्रात विलीनीकरण, मग काय, लोकांना विलीनीकरण हवंय असा हिशोब झाला की! १६ जानेवारी १९६७ ला लोकांना थेट विचारलं, चिठ्ठीवर दोन चिन्हं, फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासितच राहायचं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. आणि दोनेक महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली तर परत मगोच, परत भाऊसाहेबच.

लोक गोंधळले होते असं मला अजिबात वाटत नाही. आमदार निवडताना सगळी थाळी घ्यावी लागते, त्यात कूळ कायदा आला, गावातली शाळा आली, आपल्यातला मुख्यमंत्री आला आणि विलीनीकरणही आलं. सार्वमतात ताटातली एकच वाटी पुढे करून विचारतात, हवी की नको. अर्थात तिथे 'हवी, पण...' म्हणायची सोय नसते, वेगळं घटक राज्य हा पर्याय त्या चिठ्ठीवर नव्हताच, तो मिळायला ३० मे १९८७ उजाडला.

'कौल' मूळचा अरबी, अर्थ बोल, वचन. कोकणात-गोव्यात देवाला पाकळ्या लावून कौल घेतात, बहुतेक ठिकाणी उजवी पडली की होकार. प्रश्न एक, उत्तर हो किंवा नाही. म्हणून १९६७ च्या मतदानाला जनमत कौल हे नाव फिट बसतं (कायद्यात 'ओपिनियन पोल' होतं, पण आता त्याचा अर्थ टीव्हीवरचा निवडणुकीआधीचा सर्व्हे झालाय). एरवी रेफरेंडमला सार्वमत म्हणा, आणि प्लीज 'सर्वमत' लिहू नका, सगळ्यांचं एक मत असतं तर मोजायची वेळच आली नसती. निवडणुकीला मात्र साधा 'निकाल' बरा.