पाटल्या बँकेत आणि शाळेला दीड लाख: आधी काय?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र, थोडं कमी करून:

"आम्ही दोघंही नोकरी करतो. मी खासगी शाळेत, हे एमआयडीसीतल्या कारखान्यात. मिळून हातात ८८,००० येतात. घराचं कर्ज १७,४०,००० बाकी आहे (८.५ टक्के, हप्ता १९,८००). सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात काढलेलं पर्सनल लोन २,६५,००० राहिलंय (१५ टक्के, हप्ता ९,२००, अजून ३६ हप्ते). दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १,३८,००० आहेत, त्याचे महिन्याला ७,००० भरतो. माझ्या पाटल्यांवर बँकेतून ९०,००० काढलेत. पाटल्या सासूबाईंनी घातलेल्या, त्यांना हे माहीत नाही. घरखर्च आणि मुलांच्या फिया ३८,०००, दानधर्म ९,५००. आता यांची २० वर्षांची विमा पॉलिसी पुरी होऊन ५,२०,००० आले. सासरे गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते. त्यांच्या नावानं तिथं खोली बांधायला १,५१,००० देतो, असा शब्द यांनी गावात दिलाय. मी म्हटलं आधी कर्ज फेडू, तर म्हणाले, लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं आणि आपण पैसे हातात असून हिशेब करतोय. हे भाऊराव आणि लक्ष्मीबाई पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेत. मी गप्प बसले. माझं मन कोतं आहे का?"

ताई, कोत्या मनाची बाई वहीत दानधर्माचा वेगळा रकाना आखत नाही. तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवू आणि त्या रकान्यापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रासोबतच्या वहीच्या पानावर मला सगळ्यांत जास्त तोच खुपला.

त्या ९,५०० मध्ये २,००० अनाथाश्रमाला जातात. १,००० कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीच्या क्लासला. ५०० वर्गणी. आणि ६,००० "भाऊजींचा हप्ता". म्हणजे तुमच्या दिरांनी पतसंस्थेतून टेम्पोसाठी कर्ज काढलं, यजमान जामीन राहिले, दिरांचे तीन हप्ते थकले आणि तेव्हापासून हप्ता तुम्ही भरताय. याला दान म्हणू नका. दान नको वाटलं तर थांबवता येतं, जामीनकी थांबवता येत नाही. १८७२च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेला आधी दिरांच्या मागं लागायचं बंधन नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की पगारातून कपात सुरू होऊ शकते. आणि नोकरदार माणसाचा पगार धरणं हे फिरत्या टेम्पोच्या मागं लागण्यापेक्षा वसुली अधिकाऱ्याला कितीतरी सोपं.

हा हप्ता चालू ठेवावाच लागेल, पण वेगळ्या रकान्यात, आणि रोख दिरांच्या हातात नाही तर थेट कर्जखात्यात, पावती घेऊन. पतसंस्थेतून कर्जखात्याचा उतारा काढा. मग दिवाळीची वाट न बघता दोघा भावांनी एकदा समोरासमोर बसावं. टेम्पो चालत नसेल तर विकून बाकी भागवणं हा वाईट पर्याय नाही. हे बोलणं अवघड आहे, मला कल्पना आहे. माझ्याच घरात असं एक बोलणं सात वर्षं लांबलं होतं.

तर खरं दान उरलं ३,५००, तुमच्या मिळकतीच्या ४ टक्के. तुमचं कर्ज दानापायी झालेलं नाही. ते आजारपणाच्या बिलांनी झालं, आणि त्यानंतर कार्डानं ते वाढत ठेवलं. म्हणून हे ३,५०० मी बंद करायला सांगणार नाही. सुरुवातीच्या काळात मी सांगायचो. "कर्ज फिटेपर्यंत देणं बंद" असं एका कुटुंबाला ठणकावून सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं, तीन वर्षांत कर्ज फिटलं. देणं मात्र परत सुरू झालं नाही, त्या जागी मोठा टीव्ही आणि त्याचा हप्ता आला. तेव्हापासून ठणकावणं सोडलं.

आता कार्ड. तुमच्या बिलावर महिना ३.६ टक्के व्याज दिसतंय. १,३८,००० वर ते ४,९६८ होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी ८९४. म्हणजे ५,८६२ रुपये नुसते व्याजाचे. तुम्ही ७,००० भरता, त्यातून मुद्दल कमी होतं ते ११३८ रुपयांनी. त्यात महिन्यात कुठं किराणा कार्डावर केला की तेवढीही घट पुसली जाते, कारण जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. वर्षाचा दर ४३ टक्क्यांवर जातो, जीएसटी धरला तर पन्नाशीच्या पुढं. गावातल्या सावकारानं हा दर सांगितला असता तर तुम्ही उंबरा ओलांडून परत आला असता.

त्यामुळं ५,२०,००० मधले पहिले १,३८,००० कार्डांना, यावर चर्चा नको. एक कार्ड कायमचं बंद करा. बाकी शून्य असेल तर अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेनं ते बंद करायला हवं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दुसरं ठेवायचं असेल तर पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापलं जाईल असं करून ठेवा. आणि बाकी पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज दिसेल. ते बिलाच्या तारखेपासून पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं असतं. तेवढं भरून टाका, भांडत बसू नका.

दुसरं, पर्सनल लोन. उरलेले ३६ हप्ते भरत बसलात तर ३,३१,२०० जातील, म्हणजे ६६,२०० व्याज. आज बंद करायला मुद्दल २,६५,०००, मुदतीआधी फेडल्याचं शुल्क तुमच्या करारात ४ टक्के म्हणजे १०,६००, त्यावर जीएसटी १,९०८. एकूण २,७७,५०८. शुल्क भरूनही ५३,००० च्या पुढं वाचतात. बंद करा. नंतर "नो ड्यूज" पत्र घ्या आणि दोनेक महिन्यांनी सिबिल अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदींच्या अहवालात, खातं "क्लोज्ड" दिसतंय का बघा. "सेटल्ड" दिसलं तर लगेच बँकेत जा. तो शब्द पूर्ण पैसे न भरणाऱ्याला लागतो आणि पुढचं कर्ज अडवतो.

घराच्या कर्जाला हात लावू नका. तुमच्या कर्जांत सगळ्यांत स्वस्त तेच आहे, आणि बदलत्या दराचं असल्यामुळं पुढं कधीही जास्तीचे पैसे भरले तरी शुल्क लागत नाही. तिथं घाई नाही.

हे दोन्ही झाल्यावर हातात उरतात १,०४,४९२. इथं तुम्हाला वाटेल की लगेच ९०,००० भरून पाटल्या सोडवाव्यात. माझं मन थोडं वेगळं सांगतं. पाटल्या आज सोडवल्यात तर खात्यात चौदा-पंधरा हजार राहतील. मग मुलाला डेंग्यू झाला किंवा कारखान्यात ले-ऑफ आला की पुन्हा कार्ड, नाहीतर पुन्हा पाटल्याच. त्यापेक्षा कार्डांचे ७,००० आणि पर्सनल लोनचे ९,२०० असे जे १६,२०० महिन्याला मोकळे झाले, ते सहा महिने सोनेतारणात भरा. ११ टक्क्यांनी त्या सहा महिन्यांचं व्याज तीनएक हजाराच्या आतबाहेर जाईल, आजवरचं साचलेलं वेगळं. तेवढी किंमत हाताशी पैसे असण्यासाठी मोजायला हरकत नाही. फक्त थोडे थोडे भरलेले चालतात का, आणि मुदत कधी संपते, हे बँकेत आधी विचारून घ्या. मुदत चुकली तर लिलावाची नोटीस येते.

आता शाळा. यजमानांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या शाळेत वडिलांनी आयुष्य घालवलं तिथं त्यांच्या नावानं काही व्हावं, यात चुकीचं काय? त्यांना अशी भीतीही असेल की पैसे आलेत तोवर दिले तर दिले, नंतर संसारात विरघळतील. ती भीती खरी आहे, मी पाहिलंय तसं होताना.

पण लक्ष्मीबाईंचा दाखला इथं नीट बसत नाही. त्यांनी मोडलं ते स्वतःच्या अंगावरचं, आणि मोडायचं त्यांनी स्वतः ठरवलं. तुमच्या पाटल्या मोडलेल्या नाहीत, गहाण आहेत. ५,२०,००० पैकी जवळपास पाच लाखांवर आज कुणाचं ना कुणाचं देणं बसलंय. त्यातून दीड लाख उचलून शाळेला देणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. कार्ड कंपनीला त्यातलं पुण्य नको, तिला ५,८६२ हवेत. आणि गणित मांडून बघा: १,५१,००० आधी दिले की ३,६९,००० राहतात. कार्डं फेडल्यावर २,३१,०००. त्यात पर्सनल लोन बंद होत नाही, पाटल्या सोडवल्या तर आधाराला १,४१,००० उरतात आणि ९,२०० चा हप्ता तीन वर्षं तसाच चालू राहतो.

यजमानांना रयतचाच दाखला द्यायचा असेल तर दुसरा द्या. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्याला संस्था काढली, पुढं सातारला वसतिगृह चालवलं, ते एकट्या मंगळसूत्रावर नाही. त्यामागं मुष्टिफंड होता. घरोघरच्या बायका रोजच्या धान्यातून मूठभर बाजूला काढायच्या. मूठ काढली तरी त्या घरची चूल पेटायची.

खोलीबद्दल एक शंका. १,५१,००० मध्ये वर्गखोली उभी राहत नाही. उरलेले पैसे कोण घालणार हे लेखी ठरलंय का? गावात काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पाया भरला जातो, बाकीचे देणगीदार पांगतात, आणि ज्याच्या वडिलांचं नाव कोनशिलेवर त्यालाच विचारलं जातं, "आता स्लॅबचं काय?" आधी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटा. त्या समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, त्यांना खरी गरज माहीत असते. कदाचित खोली नको असेल, मुलींसाठी नीट स्वच्छतागृह हवं असेल. पैसे कुणा पुढाऱ्याच्या हातात नाही, समितीच्या बँक खात्यात, पावतीसह.

शब्द दिलाय, तो मोडू नका. तारीख बदला. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर २१,००० द्या आणि तिथंच सांगा की बाकीचे १,३०,००० हप्त्यानं येतील. सहा महिन्यांत पाटल्या सुटल्या की १६,२०० पुन्हा मोकळे. त्यातले ६,५०० दरमहा शाळेच्या नावानं वेगळ्या खात्यात टाकलेत तर वीस महिन्यांत १,३०,००० होतात. आजपासून सव्वीस महिन्यांत शाळेला पूर्ण १,५१,००० पोचतात, एक रुपया कमी नाही. गावात कुणी कुजबुजलं तर कुजबुजू दे. हप्त्यानं ट्रॅक्टर घेतलेली माणसं आहेत ती, त्यांना हप्ता कळतो.

२१,००० दिल्यावर उरलेले ८३,४९२ आधारासाठी, दोन-तीन मुदत ठेवींत. एकच मोठी केली तर मोडताना सगळीच मोडावी लागते. घरखर्च, घराचा हप्ता आणि दिरांचा हप्ता मिळून तुम्हाला महिन्याला ६३,८०० लागतात. तीन महिन्यांचे साधारण १,९१,००० हवेत. पाटल्या सुटल्यावर शाळेचे ६,५०० वजा जाता उरणारे ९,७०० यातच घालत गेलात तर वर्षभरात तो आकडा गाठाल. आणि सासऱ्यांच्या वेळी झालं ते पुन्हा नको असेल तर सध्या उरणाऱ्या ४,५०० मधून चौघांचा आरोग्य विमा याच महिन्यात काढा. कंपनीचा आहे म्हणून थांबू नका, तो नोकरीबरोबर जातो.

यजमानांना कुणी "८०जीमध्ये कर वाचेल" असं सांगितलं असेल तर ते विसरा. नव्या करप्रणालीत देणगीची ती सवलत नाही, आणि तुम्हा दोघांचंही वेगवेगळं उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळं तसाही कर लागत नाही.

सासूबाईंना पाटल्यांचं सांगावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ते वाक्य उगाच आलेलं नाही. मी पैशांचा माणूस, सासू-सुनेच्या मधे पडत नाही. एवढंच म्हणेन की ज्या बाईनं शिक्षकाच्या पगारात पाटल्या केल्या, तिनं आयुष्यात एकदा तरी काहीतरी गहाण ठेवलेलं असणार.

सोडवायला जाल तेव्हा मूळ पावती न्या, आणि पाटल्या हातात घालायच्या आधी तिथल्याच काट्यावर वजन करून पावतीवरच्या ग्रॅमशी ताडून बघा.