गुणसूत्रं नॉर्मल, तरी शुक्राणू शून्य?

प्रश्न : माझं वय ३३, लग्नाला पाच वर्षं झाली. दोनदा वीर्य तपासलं, दोन्ही वेळा शुक्राणू निल. वीर्य २.८ मिली, एफएसएच हे संप्रेरक २६. कॅरिओटाइप ‘४६, एक्सवाय, नॉर्मल’ आलं. आता डॉक्टर वाय मायक्रोडिलिशनची टेस्ट सांगतात. गुणसूत्रं नॉर्मल असताना आणखी एक जनुकीय तपासणी कशाला? घरचे म्हणतात, थेट टेस्ट ट्यूब बेबी करा. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : थेट टेस्ट ट्यूब बेबीकडे जाऊ नका. ही टेस्ट आधी करा, कारण वृषणातून शुक्राणू काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च करायचा की नाही हे तिच्यावर ठरू शकतं.

कॅरिओटाइपसाठी हिरव्या टोपणाच्या हेपॅरिनच्या नळीत रक्त घेतात, त्यातल्या पांढऱ्या पेशी साधारण ७२ तास वाढवतात आणि विभाजनाच्या ऐन टप्प्यावर थांबवून गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. एखादं गुणसूत्र जास्त आहे का, मोठा तुकडा दुसरीकडे चिकटला आहे का, एवढं त्यात कळतं. ४७, एक्सएक्सवाय म्हणजे क्लाइनफेल्टर (एक एक्स गुणसूत्र जास्त) असता तर तो इथेच सापडला असता. पण डीएनएच्या ५० लाख ते १ कोटी अक्षरांपेक्षा लहान तुकडा गळाला असेल तर तो या नजरेतून सहसा सुटतो. वाय गुणसूत्रावर शुक्राणू तयार होण्यासाठी लागणारे तीन पट्टे आहेत : एझेडएफ-ए, बी आणि सी. ‘ए’ पूर्ण गेला तरी जेमतेम ८ लाख अक्षरं जातात, ‘सी’ गेला तर सुमारे ३५ लाख. गाडीचे डबे मोजले तर पुरे भरतात, डब्यातलं बाकडं उखडलेलं आहे हे मोजणाऱ्याला दिसत नाही.

म्हणून वाय मायक्रोडिलिशनची टेस्ट. ती पीसीआरने करतात, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यांच्या असंख्य प्रती काढून ते जागेवर आहेत का हे पाहतात. जांभळ्या टोपणाच्या इडीटीए नळीत २-३ मिली रक्त, उपाशी राहायची गरज नाही. रिपोर्टमध्ये प्रत्येक पट्ट्यासाठी किमान दोन खुणा तपासल्या आहेत का ते पाहा : ए साठी एसवाय ८४ आणि ८६, बी साठी १२७ आणि १३४, सी साठी २५४ आणि २५५. शिवाय टेस्ट नीट चालली हे दाखवणाऱ्या एसआरवाय आणि झेडएफवाय या दोन खुणा हव्यात. दोनांपैकी एकच खूण गायब असेल तर तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये, टेस्ट पुन्हा करावी.

एझेडएफ-ए किंवा बी पूर्ण गेलेला असेल तर वृषणातून शुक्राणू काढण्याची शस्त्रक्रिया करू नका. शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळपास शून्य असते, आणि गोळ्या, व्हेरिकोसीलचं (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरांचं) ऑपरेशन, काढे यांनी गळालेला तुकडा परत येत नाही. फक्त ‘सी’ गेला असेल तर चित्र वेगळं. अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये मायक्रो-टेसी करून, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातल्या नलिका शोधून, शुक्राणू मिळतात आणि इक्सी, म्हणजे एकेक शुक्राणू थेट बीजांडात टोचणं, करता येतं. काहींच्या तर वीर्यातच तुरळक शुक्राणू असतात, पण ते वर्षागणिक घटू शकतात, म्हणून सापडले त्या दिवशीच गोठवून ठेवावेत. एक गोष्ट इक्सीआधी समजून घ्या : मुलगा झाला तर वडिलांचं वाय तसंच्या तसं त्याला मिळणार, दोष पक्का उतरणार. मुलीला तो मिळत नाही. पण ‘मग मुलगीच रुजवा’ असं म्हणायची सोय नाही. गर्भधारणेपूर्वीही लिंगनिवड करणं कायद्याने गुन्हा आहे.

रिपोर्ट नॉर्मल आला तरी मायक्रो-टेसीचा पर्याय उरतोच. एफएसएच २६ याचा अर्थ वृषणाचं काम थंडावलं आहे आणि मेंदूतली ग्रंथी जोर लावते आहे, पण एखाद्या कोपऱ्यात उत्पादन चालू असू शकतं. मात्र ‘निल’ या शब्दावर विसंबण्याआधी लॅबने नमुना ३००० जी वेगाने १५ मिनिटं फिरवून तळाचा गाळ पाहिला होता का, ते विचारा. मध्यंतरी कुणी जिममध्ये किंवा ‘ताकदीसाठी’ टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. त्याने शुक्राणू बंद पडतात.

ज्यांचं वीर्यच कमी, १.५ मिलीच्या आत, आम्लधर्मी, फ्रुक्टोज नाही आणि एफएसएच नॉर्मल, त्यांचं दुखणं निराळं. त्यांच्यात बरेचदा शुक्राणुवाहिनी जन्मतःच नसते आणि त्यामागे सीएफटीआर जनुकातला बदल असू शकतो. उत्पादन नीट असल्याने शुक्राणू सहज मिळतात, पण पत्नीचीही सीएफटीआर तपासणी झाल्याशिवाय इक्सी करू नये. दोघंही वाहक निघाले तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार) होऊ शकतो.

प्रश्न : माझे तीन गर्भपात झाले. मिस्टरांच्या रिपोर्टमध्ये ‘४५, १३ आणि १४ जोडलेले’ असं आलंय. एक गुणसूत्र कमी असून ते धडधाकट कसे? आम्हाला स्वतःचं मूल होईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : होण्याची शक्यता चांगली आहे. १३ आणि १४ ही दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटली आहेत, त्यामुळे मोजणीत ४५ भरतात. जोडताना जो आखूड भाग गेला त्यातल्या जनुकांच्या प्रती इतर गुणसूत्रांवरही असतात, म्हणून तब्येतीला काही होत नाही. गडबड शुक्राणू बनताना होते. वाटणी सहा प्रकारे होऊ शकते, त्यातले दोनच प्रकार बरोबर. म्हणून कागदावर ‘तीनांत एक’ दिसतं, आणि तेवढ्यावर जोडपी खचतात. प्रत्यक्षात असे पुरुष ८० टक्क्यांहून जास्त शुक्राणू बरोबर वाटणीचे बनवतात. चुकीच्या वाटणीचे गर्भ बहुतेक आपणहून पडतात. अपवाद १३ क्रमांक जास्तीचा असलेल्या गर्भाचा, तो क्वचित जन्मापर्यंत पोचतो. त्यासाठी पुढच्या गर्भारपणात ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६व्या आठवड्यानंतर गर्भजल तपासा.

आयव्हीएफ करून पाचव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या ५-१० पेशी तपासून निवड करता येते. त्याने गर्भपात कमी होतात, पण हाती मूल येण्याची एकूण शक्यता वाढते असं सिद्ध झालेलं नाही. तुमचं वय कमी आणि दिवस सहज राहत असतील तर आधी नैसर्गिक प्रयत्न करा, असं आमचं मत. आणि एक कारण सापडलं म्हणून बाकीच्या तपासण्या सोडू नका : गर्भाशयाची सोनोग्राफी आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ देणारी प्रतिपिंडं (ही पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा). मिस्टरांच्या सख्ख्या भावंडांचंही कॅरिओटाइप करा.

प्रश्न : मुलाचं मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय. मुलाची सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह, मुलीची निगेटिव्ह. पुढे जावं का? (एक वाचक, गोंदिया)

उत्तर : या टेस्टवर निर्णय घेऊ नका. मुलगा नुसता वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस) हे ती सांगत नाही, आणि मुलगी बीटा थॅलसेमियाची वाहक असेल तर तेही या टेस्टमध्ये कळत नाही. सिकलसेल वाहक आणि थॅलसेमिया वाहक यांच्या मुलाला प्रत्येक खेपेला २५ टक्के शक्यतेने सिकल-थॅलसेमिया हा आजार होतो. दोघांची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) आणि सीबीसी करा. मुलीचं एचबी-ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ३.५ टक्क्यांच्या वर गेलं तर ती थॅलसेमिया वाहक असू शकते. मात्र अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा खाली येतो, तेव्हा फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) बघून, लोह भरून पुन्हा तपासा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर थांबा.

मुलीची एचपीएलसी पूर्ण नॉर्मल निघाली तर सिकलसेलच्या कारणाने लग्न मोडायची गरज नाही. नात्याचा प्रश्न वेगळा : आते-मामे भावंडांची सरासरी एक-अष्टमांश जनुकं सारखी असतात, त्यामुळे बाळात जन्मजात दोषाची शक्यता सर्वसाधारण २-३ टक्क्यांवरून ४-६ टक्क्यांपर्यंत जाते. घराण्यात लहानपणी गेलेली, मतिमंद किंवा मूकबधिर मुलं असतील तर त्या माहितीसह जनुकीय समुपदेशकाला भेटा. दोघंही वाहक ठरलेच तर दोघांचे जनुकीय बदल गर्भधारणेआधीच शोधून ठेवा. दिवस गेल्यावर शोधायला बसलात तर ११-१३ आठवड्यांची तपासणी हुकते.